निघायची तारीख

एडवण,
८ जुलै २०२४

सुलूवन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच बाजूला ठेवाल, असं तुमच्या भावाचं म्हणणं आहे. मी म्हटलं, ठेवतील, पण दुपारची जेवणं उरकल्यावर उघडतील. तेव्हा तुमची दुपार झाली आहे असं धरून नमस्कार करते आणि सुरुवात करते.

माझा नंबर तुमच्या फोनवर बंद आहे, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. एडवणहून बोईसरच्या तुमच्या कॉलनीपर्यंत जेमतेम दीड-दोन तासांचा रस्ता, पण पत्राला चार दिवस लागतात म्हणे. लागू देत. सहा वर्षं गेली तिथे चार दिवसांचं काय एवढं.

बातमी मोठी आहे. मी कॉलेजात जायला लागले. सेहेचाळिसाव्या वर्षी, वही-पेन घेऊन, एसटीने, दर शनिवारी आणि रविवारी पालघरला. कोर्सचं नाव ‘पर्यटन आणि आतिथ्य उद्योग : प्राथमिक ओळख’. सहा महिन्यांचा आहे. आपल्या वाडीतल्या घरात पाहुणे ठेवायचे माझ्या मनात आहे, रीतसर, पाटी लावून. तुमचे भाऊ आधी हसले, मग दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन मला नवी छत्री घेऊन आले.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मीच मॅडम. मीही क्षणभर तशीच उभी राहिले, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग खऱ्या हेमांगी मॅडम आल्या, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, आणि माझं बिंग फुटलं. आता मी दुसऱ्या बाकावर उत्कर्षा नावाच्या मुलीशेजारी बसते. तिचे वडील जळगावकडचे, बोईसरला कारखान्यात आहेत. ती मला काकू म्हणते आणि माझ्या डब्यातलं निम्मं खाते.

पहिला धडा, पर्यटक कोणाला म्हणायचं. जो आपलं घर सोडून दुसरीकडे जातो आणि निदान एक रात्र राहतो, तो पर्यटक. सकाळी येऊन संध्याकाळी परत गेला तर तो नुसता सहलीचा माणूस. म्हणजे रविवारी आपल्या किनाऱ्यावर जी झुंबड उडते आणि दारात येऊन पाणी मागते, ती पुस्तकाप्रमाणे पर्यटक नाहीच. हे मी घरी सांगितलं, तर तुमचे भाऊ म्हणाले, “मंग ते कोन हायत, ते पन पुस्तकात लिवलंय का?”

मी हात वर करून विचारलं, की बाई माहेरी आली आणि चार दिवस राहिली तर ती कोण? वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, नातेवाइकांकडे राहायला जाणं हासुद्धा पर्यटनाचा मोठा प्रकार आहे, त्याचीही मोजदाद होते. मी खाली बसले. वन्सं, म्हणजे या धंद्यात पाऊल टाकायच्या आधीच एक पर्यटक मी घालवून बसले आहे.

आता कामाचं. पाहुण्यांसाठी दोन खोल्या लागतील. एक आमच्या ज्ञानेशची, तो नोकरीला पुण्याला गेल्यापासून रिकामी आहे. दुसरी विहिरीकडची, तुमची. तिथला केर मी दर आठवड्याला काढते, पण तुम्ही गेल्यापासून त्या खोलीत कोणी झोपलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कोणाला झोपू देणार नाही. हो की नाही ते कळवा. आणि खरं सांगू, कळवण्यापेक्षा तुम्ही स्वतः येऊन सांगावं हे मला जास्त हवं आहे.

त्या सकाळी मी एवढंच विचारलं होतं, “वन्सं, कधी निघताय?” माहेरवाशिणीला हे विचारत नाहीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण नारळांचा टेम्पो येणार होता, त्यातून तुम्हीही पालघरपर्यंत गेला असतात, म्हणून विचारलं. तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात आणि त्याच सकाळी गेलात. त्यानंतर तुम्ही या घरात पाय ठेवलेला नाही.

खंडेरावांना नमस्कार सांगा.

तुमची कीर्ती


एडवण,
२० ऑगस्ट २०२४

सुलूवन्सं,

तुमचं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणून मी पुढे सरकते.

मागच्या रविवारी आमच्या वर्गाला बोईसरच्या एका हॉटेलात नेलं होतं. तुमच्या कॉलनीपासून फार लांब नसेल. तुम्हाला हिरव्या रंगाची हौस, म्हणून रिक्षातून जाताना मी प्रत्येक हिरवी साडी वळून बघत होते. उत्कर्षाने विचारलं, काकू कोणाला शोधताय. म्हटलं, एक पर्यटक.

हॉटेलात आम्हाला पलंग घालायला शिकवलं. चादर गादीखाली अशी ताणून खोचायची की वर नाणं टाकलं तर उडालं पाहिजे. पोरांच्या चादरींना सुरकुत्या, माझी पहिल्याच फटक्यात बसली. तिथल्या हाउसकीपिंगच्या माणसाने मला विचारलं, आधी कुठे कामाला होता? मी म्हटलं, पंचवीस वर्षं एकाच ठिकाणी. घरी आले त्याच संध्याकाळी आमचाही पलंग तसाच घातला. तुमच्या भावाचे पाय काही केल्या आत जाईनात. शेवटी चादर उपसून म्हणाले, “मी गिऱ्हाईक नाय, मी दिनानाथ हाय.”

हे सगळं मी मजेत लिहिते आहे, कारण मला खरंच मजा येते आहे. इतकी वर्षं मी जे करत आले त्याला नाव आहे, धडा आहे, त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं हे पुस्तकात छापलेलं आहे. मी वर्गात मोठ्याने म्हटलं, हे तर आमच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, मग तुमच्या सासूबाईंना दहापैकी दहा.

पण एक धडा मला लागला. मॅडम म्हणाल्या, सेवा साठवून ठेवता येत नाही. दुकानातला साबण आज खपला नाही तर उद्या खपतो. पण आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, तो दिवस गेला तो गेला. सगळी पोरं खाली मान घालून उतरवून घेत होती. मला विहिरीकडची खोली आठवली आणि माझं लिहायचंच राहून गेलं. नंतर उत्कर्षाच्या वहीतून उतरवून घेतलं.

हो किंवा नाही, वन्सं. दोन अक्षरं.

कीर्ती


एडवण,
११ नोव्हेंबर २०२४

सुलूवन्सं,

भाऊबीजेला हे तुमच्याकडे आले तेव्हा मी यांच्याबरोबर चकल्यांचा डबा दिला होता. तो रिकामा होऊन परत आला, धुऊन पुसून. मी यांना विचारलं, कशा आहेत? म्हणाले, “बरी हाय.” पत्रं वाचली का? “मी नाय इचारलं, ती नाय बोलली.” तुम्हा भावा-बहिणीला बोलण्याचे पैसे पडतात की काय कोण जाणे. चकल्या कोणी खाल्ल्या, तुम्ही की खंडेरावांनी, एवढं तरी सांगायचं.

आज मात्र मी थट्टा करायला बसलेले नाही. शनिवारी वर्गात एक धडा झाला आणि तेव्हापासून मला चैन नाही.

माणूस घराबाहेर का पडतो, असा धडा होता. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने काढले. एकीकडे ओढणारी कारणं, म्हणजे समुद्र, किल्ला, चांगलं खाणं. दुसरीकडे ढकलणारी कारणं, म्हणजे घरातला कंटाळा, ताण, एकटेपणा. म्हणाल्या, आपण पाहुण्याला नेहमी आपल्याकडे काय आहे ते दाखवत बसतो. तो कशापासून निघून आला आहे हे कोणी विचारत नाही.

आणि बाकावर बसल्या बसल्या मी महिने मोजले. तुमचा भाग्येश कॅनडाला गेला त्या वर्षी मार्चअखेरीस. तुम्ही आलात एप्रिलच्या दहा तारखेला. खंडेरावांच्या कारखान्यातल्या पाळ्या, एकुलता मुलगा सातासमुद्रापार, क्वार्टरमध्ये तुम्ही एकट्या. मला वाटत होतं तुम्ही आंब्यांसाठी आलात, समुद्राच्या वाऱ्यासाठी आलात, भावासाठी आलात. तुम्ही त्या रिकाम्या घरातून निघून आला होतात. तीन आठवडे माझ्यासमोर बसून होतात, आणि मी एकदाही विचारलं नाही की वन्सं, भाग्येशशिवाय तुम्हाला करमतं का.

आता दुसरं सांगते, हे सांगायला जास्त जड जातं आहे. त्या दिवशी टेम्पो येणारच नव्हता. तो दोन दिवस आधीच नारळ भरून गेला होता. तुम्हाला ते माहीत होतं, तुम्ही स्वतः नारळ मोजून दिले होते. म्हणून तर माझं जुलैमधलं पत्र वाचून तुम्ही मनात मला खोटारडी म्हटलं असेल, आणि ते बरोबरच आहे.

मला तुम्ही जायला हव्या होतात. तुम्ही मसाल्याचे डबे तुमच्या आईच्या वेळी होते तसे लावलेत. माझ्या आमटीत मीठ कमी म्हणून यांच्या ताटात वरून घातलंत. मी चुलीपाशी आले की तुम्ही म्हणायचात, तू बस, मी करते. माझ्या स्वयंपाकघरात मीच पाहुणी झाले होते. हे मला भांडून बोलता आलं असतं. मी ते केलं नाही. मी चहा देता देता गोड आवाजात तुम्हाला निघायची तारीख विचारली.

चुकले, वन्सं. खोलीबद्दल आता विचारत नाही. तुम्ही या, एवढंच म्हणते.

कीर्ती


एडवण,
३ डिसेंबर २०२४

सुलूवन्सं,

आमच्याकडे पाहुणे येऊन गेले. पहिलेवहिले. तुम्ही रागावला आहात हे लक्षात ठेवूनही मला हे तुम्हालाच सांगायचं आहे, कारण यातलं हसण्यासारखं काय आहे ते तुम्हालाच कळेल.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने खरेखुरे पाहुणे ठेवून दाखवायचे असतात. मॅडम स्वतः येऊन बघतात आणि गुण देतात. मी सध्या ज्ञानेशच्या खोलीपुरतंच ठरवलं होतं. डोंबिवलीचं एक जोडपं शनिवारी आलं. मी नारळपाणी दिलं, रजिस्टर पुढे केलं, नाव, पत्ता, येण्याची तारीख लिहून घेतली. पुढचा रकाना जाण्याच्या तारखेचा. मॅडमनी दहा वेळा बजावलं होतं, की पाहुणा आल्या आल्याच तो कधी जाणार हे लिहून घ्यायचं, सगळं हॉटेल त्या एका रकान्यावर चालतं. मला तो प्रश्न विचारवेना. तो रकाना मी कोराच ठेवला.

रविवारी दुसरं कुटुंब येणार होतं. मी आपली समजून चालले होते की डोंबिवलीचे रविवारी सकाळी जातील. सकाळ झाली, त्यांनी दोनदा पोहे खाल्ले. दुपारी हंडीतल्या भाज्यांची उकडहंडी खाऊन बाई म्हणाल्या, रात्रीला काय करणार आहात? तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. बोईसरहून प्रीतम म्हणून एक कारखान्यातला मुलगा, त्याची बायको, आणि त्याची आई रखमाबाई, नगरकडच्या, सत्तरीच्या.

हे मला कोपरखळी मारून म्हणाले, “इचार ना त्यांना, कदी जानार.” मी खोलीच्या दारापर्यंत गेले आणि विचारलं, आणखी भात वाढू का? परत आले. हे म्हणाले, “इचारलंस?” म्हटलं, हो, नको म्हणाले.

शेवटी प्रीतम आणि त्याच्या बायकोला आम्ही आमची खोली दिली, आम्ही दोघं ओटीवर आलो. राहिल्या रखमाबाई. त्यांना जमिनीवर कसं झोपवणार? वन्सं, मी तुमची खोली उघडली. तुमचं हो आलेलं नसताना उघडली. शब्द मोडला आहे, तुम्हाला जे बोलायचं ते बोला.

सोमवारी सकाळी रखमाबाई विहिरीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, खोलीत दांडीवर एक हिरवं लुगडं घडी करून ठेवलंय, ही खोली पाहुण्यांची वाटत नाही, कोणाची आहे? मी सगळं सांगितलं. तुम्हाला काय विचारलं, का विचारलं, आणि आता डोंबिवलीच्यांना ते विचारता येत नाही म्हणून मी कशी अडकले आहे. माणूस परकं असलं की बोलणं सोपं जातं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कवा जानार आसं इचारलं की मानूस उठून जातंय. आजून किती दिस ऱ्हाशील, आसं इचारावं. तारीख बी कळती आन मानूस बी ऱ्हातं.”

मी पदराला हात पुसले, तडक डोंबिवलीच्यांकडे गेले आणि विचारलं, अजून किती दिवस राहाल? दोघं खूश झाली. म्हणाली, अहो काकू, राहिलो असतो हो, पण रजा आजच्यापुरतीच आहे, दुपारी निघतो. मी रजिस्टर आणून तारीख लिहिली.

अकरा वाजता मॅडम आल्या. रजिस्टर पाहिलं, एकाच खोलीवर दोन कुटुंबं कशी घेतली ते विचारलं, आणि दहातले तीन गुण कापले. मग रखमाबाईंचं वाक्य ऐकलं आणि वहीत उतरवून घेतलं. पुढच्या शनिवारी त्या ते वर्गाला सांगणार आहेत.

सोबत आमच्या घराचा छापील कागद पाठवते. त्यावरचा फोन नंबर उत्कर्षाचा आहे, बुकिंग तीच घेते. माझ्यावर तिचा आता विश्वास नाही. तुम्हाला हे दाखवायचं होतं, एवढंच.

कीर्ती


एडवण,
१३ जानेवारी २०२५

सुलूवन्सं,

उत्कर्षा काल सकाळी वर्गात आली ती रजिस्टर छातीशी धरून. माझ्यापुढे उघडून म्हणाली, काकू, हे बुकिंग बघा, मला काही समजलं नाही.

तिने जसं सांगितलं तसं लिहिते. बोईसरहून एका बाईंचा फोन आला. विहिरीकडची खोली मोकळी आहे का, असं विचारलं. किती जण? एकटीच. नाव सांगितलं, सुलू. कधी येणार? वीस तारखेला, सकाळी. मग शिकवल्याप्रमाणे तिने विचारलं, आणि निघणार कधी? मग बाई म्हणाल्या, “ते मला नको विचारू. तुझ्या काकूला विचार, किती दिवस ठेवते ते.”

उत्कर्षा शिस्तीची मुलगी. तिने जाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘काकूंना विचारणे’.

मी वर्गातच रडले, वन्सं. तीस पोरांसमोर. मॅडम पाणी घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं परीक्षेत गुण कमी पडले म्हणून रडते आहे. परीक्षा बरी गेली, शंभरात एक्क्याऐंशी, ते मी विसरूनच गेले होते. घरी आल्यावर यांना सांगितलं. हे उठून वाडीत गेले आणि न सांगता वीस-पंचवीस शहाळी उतरवून आले. म्हटलं, एवढी कोण पिणार? म्हणाले, “ती येतेय ना.” म्हटलं, अहो, अजून आठ दिवस आहेत.

तुम्हाला लगेच फोन करून बघितला. माझा नंबर अजून बंदच आहे. एका परीने बरं झालं, हे मला लिहूनच सांगायचं होतं. तुम्ही मला विचारलं आहे, तेव्हा नीट विचार करून उत्तर देते.

चोवीस तारखेपर्यंत विहिरीकडची खोली तुमची. पंचवीस आणि सव्वीसला ती मी, पुन्हा तुम्हाला न विचारता, ठाण्याच्या एका कुटुंबाला आधीच दिली आहे, ते मागे घेता येणार नाही, मॅडम पुन्हा गुण कापतील. तेव्हा चोवीसला तुम्ही अंथरूण उचलायचं आणि आमच्या खोलीत यायचं. आपण दोघी आत, तुमचे भाऊ ओटीवर. ठाण्याच्यांसाठी सकाळी आठ नारळ खवायचे आहेत, ते तुमच्याकडे. मसाल्याचे डबे मी माझ्या पद्धतीने लावले आहेत, ते हलवू नका. हलवलेत तर या वेळी मी तोंडावर बोलेन, तुम्हीही बोला. मिठावरून आपलं वाजणार, हे मी यांना आधीच सांगून ठेवलं आहे. ठाण्याचे गेले की तुमची खोली पुन्हा तुमची, पुढचे पाहुणे आले की पुन्हा आमच्यात. भाग्येश इथे फोन करील तेव्हा त्याच्याशी मी पण बोलणार. खंडेरावांना पाळी नसेल तेव्हा त्यांनी यायचं, त्यांची वेगळी सोय करू.

तारीख मी लिहिली नाही. उत्कर्षाच्या हातातून पेन घेतलं आणि तुमची ओळच रजिस्टरमधून खोडून टाकली. ती चिडली, म्हणाली, काकू, आलेलं बुकिंग कोणी रद्द करतं का? तिला म्हटलं, ते रजिस्टर पाहुण्यांचं आहे.

वीस तारखेला आम्ही दोघंही स्टँडवर उभे असू. येताना बॅग मोठी आणा.

कीर्ती